डेबियनचं बारावं-तेरावं: छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर ‘ट्रिक्सी’ कसं वागतं

निकाल आधीच सांगून टाकू, घाईत असलेल्यांचा खोळंबा नको. डेबियन, म्हणजे लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, १२ वरून १३ वर नेणं चांगलं जमतं. पॅकेजं, म्हणजे बसवलेली सॉफ्टवेअरं, बदलण्याचं काम डेबियनचं ‘एपीटी’ हे साधन इतकं नेटकं करतं की अर्ध्यात वीज गेली तरी बहुतेक वेळा दोन कमांडमध्ये निभावतं. डोकेदुखी सुरू होते ती रीबूटनंतर, आणि तीही अशा जागी जिथे एरर म्हणून एक ओळ दिसत नाही. पाचपैकी चार तारे. एक कापला तो या गुपचूप केलेल्या बदलांसाठी.

डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. आधीचं १२, ‘बुकवर्म’, १० जून २०२३ चं. बुकवर्मची नियमित सुरक्षा तीन वर्षांची, म्हणजे जून २०२६ पर्यंतची. त्यानंतर स्वयंसेवक आणि कंपन्यांची दीर्घकालीन देखभाल ३० जून २०२८ पर्यंत चालते. ट्रिक्सीला हीच मुदत ऑगस्ट २०२८ आणि जून २०३० अशी मिळते. नव्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२, सिस्टमडी (बूट आणि सेवा सांभाळणारा) २५७, पीएचपी ८.४, पोस्टग्रेस १७, मारियाडीबी ११.८, पायथन ३.१३.

हे परीक्षण आहे ते पुण्यात सर्रास दिसणाऱ्या एका प्रकारच्या मशीनसाठी. सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस असो, कोथरूडमधला क्लास असो की भोसरी एमआयडीसीतलं वर्कशॉप, कोपऱ्यात टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप असतो. त्यावर सांबा (विंडोज पीसींना फोल्डर शेअर करून देणारं), बिलिंगचा डेटाबेस, एखादं पीएचपीचं अंतर्गत अ‍ॅप आणि वर इंटरनेटचं राउटिंगही. कधीकाळी कुणीतरी सेट करून दिलेलं, तेव्हापासून कुणी हात न लावलेलं. क्लाउडवर दहा सर्व्हर फिरवणाऱ्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. त्यांनी पोस्टग्रेसचा भाग तेवढा वाचावा.

एक खुलासा: कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

सुरू करण्याआधी

दिवस निवडताना गुरुवार मोहात पाडतो. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी, मशीन मोकळं. पण विजेच्या दुरुस्तीची कामंही पुण्यात गुरुवारीच काढतात. यूपीएसची बॅटरी खरोखर तासभर टिकते का हे आधी बघा, नाहीतर रविवार पकडा.

मशीन ३२-बिट तर नाही ना, हे पहिल्यांदा तपासा. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ विचारल्यावर ‘एएमडी६४’ आलं तर पुढे चला. ‘आय३८६’ आलं तर इथेच थांबा. ट्रिक्सीमध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. तो विभाग आता फक्त ६४-बिट मशीनवर जुने ३२-बिट प्रोग्राम चालवण्यापुरता उरला आहे. गंमत अशी की असे बरेच डेस्कटॉप मुळात ६४-बिटच असतात, फक्त कुणीतरी जुन्या सीडीवरून ३२-बिट डेबियन टाकलेलं असतं. ‘एलएससीपीयू’च्या पहिल्या काही ओळींत ‘३२-बिट, ६४-बिट’ असं दोन्ही दिसलं तर प्रोसेसर समर्थ आहे. तरी अपग्रेडच्या वाटेने ६४-बिटवर जायच्या फंदात पडू नका. डेटा बाहेर काढा आणि नव्याने इन्स्टॉल करा.

११ वरून थेट १३ वर उडी चालत नाही. आधी १२, रीबूट, मग १३.

बाहेरच्या रेपोंची (पॅकेजं जिथून येतात त्या ठिकाणांची) यादी काढायला ‘एपीटी-फोर्कट्रेसर’ नावाचं छोटं पॅकेज आहे. ते टाकून चालवलं की डेबियनच्या बाहेरून आलेली सगळी पॅकेजं समोर येतात: कधीतरी घातलेलं नोडचं रेपो, प्रिंटरच्या ड्रायव्हरची डेब फाइल, डॉकर, रिमोट डेस्कटॉपचं काहीतरी. फसलेल्या अपग्रेडमध्ये गुन्हेगार बहुधा याच यादीत सापडतो. ही रेपो तात्पुरती बंद ठेवा. ‘एपीटी-की’ ही कमांड ट्रिक्सीतून काढून टाकली आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीने चाव्या भरणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट आता अडते. चावी ‘/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज’ मध्ये ठेवायची आणि रेपोच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिचा पत्ता द्यायचा.

मग ‘/बूट’, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा. इथे मात्र थोडं बसून बघायला हवं, कारण अर्धवट अपग्रेडचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. जुन्या इन्स्टॉलरने एलव्हीएम किंवा एन्क्रिप्शन निवडल्यावर ‘/बूट’ला साधारण अर्धा जीबी दिलेला असतो, त्याहून जुन्या मशीनवर त्याच्याही निम्मा. कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही फुगल्यामुळे डेबियनच्या रिलीज नोट्स आता ‘/बूट’ किमान ७६८ एमबीचं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत असं सांगतात. ‘डीएफ -एच /बूट’ बघा. जागा कमी असेल तर आधी पडून असलेले जुने कर्नल काढा; ‘यूनेम -आर’ दाखवतं तो चालू कर्नल सोडून. तरीही भागत नसेल तर ‘/ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/इनिटरामएफएस.कॉन्फ’ मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’च्या जागी ‘मॉड्यूल्स=डेप’ करा आणि ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा. त्याने फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरले जातात आणि बूटच्या वेळी लागणारी इनिटरामएफएस फाइल बरीच लहान होते. किंमत एवढीच की ती डिस्क उद्या दुसऱ्या मदरबोर्डला लावली तर बूट होईलच असं नाही. ऑफिसच्या सर्व्हरला हा सौदा परवडतो.

बॅकअपमध्ये ‘/ईटीसी’, ‘/होम’ आणि डेटाबेसचे डंप तर हवेतच. शिवाय ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ आणि ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’ची यादीही ठेवा, काय काय बसवलं होतं ते नंतर कुणाला आठवत नाही. लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवा. तपकीर गल्लीतून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, नवा पेनड्राइव्ह ‘एफ३’ पॅकेजमधल्या ‘एफ३राइट’ आणि ‘एफ३रीड’ने एकदा तपासून घ्या. वर ६४ जीबी लिहून आत ८ असल्याचं ऐन गरजेच्या वेळी कळायला नको.

प्रत्यक्ष अपग्रेड

१२ पूर्ण अद्ययावत करून सुरू करा. ही औपचारिकता नाही. बुकवर्मच्या जुन्या ओपनएसएसएचमध्ये असा दोष होता की दुरून अपग्रेड करताना मधेच कनेक्शन तुटलं तर पुन्हा आत शिरताच येत नसे. बुकवर्मच्या नंतरच्या अपडेटमध्ये तो दुरुस्त झाला आहे. दुरून काम करत असाल तर ‘टीमक्स’च्या आत करा, म्हणजे घरचं वायफाय रुसलं तरी पलीकडे काम चालू राहतं.

‘डीपीकेजी --ऑडिट’ला काही बोलायचं नसावं. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’मध्ये कुणी अडवून ठेवलेलं पॅकेज असेल तर ते का अडवलं होतं ते शोधा आणि सोडा. मग ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट’ आणि शेजारच्या ‘सोर्सेस.लिस्ट.डी’मध्ये सगळीकडे ‘बुकवर्म’चं ‘ट्रिक्सी’ करा, ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ आणि ‘ट्रिक्सी-अपडेट्स’सकट. ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग ओळीत आहे ना हेही बघा. तो १२ पासून वेगळा झाला, आणि ११ वरून चढवलेल्या मशीनवर तो हमखास राहून गेलेला असतो. मग वायफाय किंवा नेटवर्क कार्ड रीबूटनंतर मुकं होतं. मिरर निवडत बसू नका; ‘डेब.डेबियन.ऑर्ग’ हे सीडीएनवर चालतं.

पुढे ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, आणि मग ‘एपीटी फुल-अपग्रेड’. मधली पायरी अनेक जण गाळतात. ती केली की आधी फक्त आहे ती पॅकेजं बदलता येतील तेवढी बदलतात, काहीच काढलं जात नाही, आणि शेवटच्या उडीत पॅकेजांची भांडणं कमी होतात. फुल-अपग्रेडने ‘काढणार’ म्हणून दाखवलेली यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका. अपग्रेडनंतरच्या कामांत एपीटी ३.० चा पडदा खरंच सुधारलेला दिसतो: काढायची पॅकेजं लाल, नवी हिरवी, रकान्यांत मांडलेली. आधीच्या सलग परिच्छेदात एखादं महत्त्वाचं नाव सहज नजरेतून सुटायचं.

मधेच कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न येतात: पॅकेजवाल्यांची नवी आवृत्ती घ्यायची की तुमची ठेवायची. नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते आणि नवी शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने पडते. ‘डी’ दाबून फरक बघता येतो. सांबा, एसएसएच, अपाची यांच्या हाताने बदललेल्या फाइली ठेवाव्यात. ज्या फाइलीला आपण हात लावल्याचं आठवतच नाही तिथे फरक बघून नवी घ्यावी. काम संपल्यावर ‘/ईटीसी’मध्ये ‘.डीपीकेजी-’ असलेल्या सगळ्या फाइली शोधा आणि एकेक निकालात काढा. अर्धी अडचण त्या यादीतच दडलेली असते.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रीबूटआधी ‘सिस्टमडी-क्रिप्टसेटअप’ पॅकेज आलं आहे याची खात्री करा. ते आता सिस्टमडीपासून वेगळं झालंय. ते शिफारस म्हणून आपोआप येतं, पण ज्यांनी ‘शिफारस केलेली पॅकेजं नकोत’ असं एपीटीला सांगून ठेवलंय त्यांच्याकडे येणार नाही.

रीबूटनंतर नेट गेलं

मशीन व्यवस्थित उठतं. सर्व्हरवरून नेट चालतं, पण त्याच्यामागच्या कुठल्याच पीसीवर चालत नाही. फायरवॉलचे नियम जागच्या जागी, केबल ठीक, डीएचसीपी पत्ते वाटतंय, लॉग स्वच्छ. शोधत बसलं तर दुपार जाते. कारण असं: ट्रिक्सीतला सिस्टमडी ‘/ईटीसी/सिसीटीएल.कॉन्फ’ ही फाइल बूट होताना वाचतच नाही. आणि राउटिंग चालू करणारी ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड=१’ ही ओळ वर्षानुवर्षं प्रत्येक ट्युटोरियलने याच फाइलीत टाकायला शिकवली आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. ‘सिसीटीएल -पी’ हाताने चालवलं की ती कमांड मात्र हीच जुनी फाइल वाचते, राउटिंग लगेच चालू होतं, आणि माणूस समाधानाने घरी जातो. पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. खरा उपाय म्हणजे आपल्या ओळी ‘/ईटीसी/सिसीटीएल.डी/९९-लोकल.कॉन्फ’ अशा नावाच्या फाइलीत हलवायच्या, रीबूट करायचं आणि ‘सिसीटीएल नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ विचारून उत्तर १ येतं का बघायचं. वायरगार्डचा व्हीपीएन चालवणाऱ्यांनाही हेच लागू. डेबियनने हे रिलीज नोट्समध्ये लिहिलं आहे हे खरं. पण जुनी फाइल तशीच पडून आहे, त्यात माणसाने घातलेल्या ओळी आहेत, आणि अपग्रेडच्या वेळी एक इशारा देणं काही अवघड नव्हतं. कापलेला तारा मुख्यतः इथला.

रात्रीचा बॅकअप का अडला

दुसरा गुपचूप बदल ‘/टीएमपी’चा. ट्रिक्सीपासून ते डिस्कवर नाही, मेमरीत असतं, आणि ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये त्याची वेगळी नोंद नसेल तर अपग्रेड केलेल्या मशीनवरही रीबूटनंतर तसंच होतं. कमाल आकार रॅमच्या निम्मा. ८ जीबीच्या मशीनवर ४ जीबी. आता ज्या स्क्रिप्ट रात्री डेटाबेसचा डंप किंवा सगळ्या शेअर फोल्डरची टार फाइल आधी ‘/टीएमपी’त बनवतात आणि मग बाहेरच्या डिस्कवर नेतात, त्या ४ जीबीला येऊन ‘डिव्हाइसवर जागा नाही’ म्हणत मरतात. सकाळी ‘डीएफ -एच /’ बघितलं तर २०० जीबी मोकळे. ‘डीएफ -एच /टीएमपी’ बघितलं की ‘टीएमपीएफएस’ हा शब्द दिसतो आणि उलगडा होतो.

चांगला उपाय स्क्रिप्टमध्ये आहे: सुरुवातीला ‘टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी’ द्या किंवा पत्ताच बदला. घाईचा उपाय म्हणजे ‘सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ आणि रीबूट. मग सगळं पूर्वीसारखं. मशीनवर रॅम ४ जीबीच असेल आणि त्यावर लिबरऑफिस, स्कॅनिंग असं सगळं चालत असेल तर हा दुसराच उपाय बरा.

जाता जाता: रीबूटआधी जुन्या ‘/टीएमपी’त काही महत्त्वाचं पडलं होतं तर ते गेलेलं नाही, नव्याच्या खाली झाकलं गेलंय. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ केलं की ‘/एमएनटी/टीएमपी’त दिसतं. तिथे महत्त्वाचं काही का ठेवावं हा वेगळा विषय. शिवाय नव्या इन्स्टॉलवर ‘/टीएमपी’तल्या १० दिवस आणि ‘/व्हार/टीएमपी’तल्या ३० दिवस न वापरलेल्या फाइली आपोआप साफ होतात. अपग्रेड केलेल्या मशीनवर जुनी पद्धत टिकावी म्हणून ‘/ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी/टीएमपी.कॉन्फ’ ही फाइल तयार केली जाते. ही काळजी घेतल्याबद्दल शाबासकी. मग सिसीटीएलच्या वेळी काय झालं होतं?

पोस्टग्रेस आणि कलकत्ता

पोस्टग्रेस १५ वरून १७ वर डेटा आपोआप जात नाही, आणि तेच बरोबर आहे. अपग्रेडनंतर ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवलं की दोन क्लस्टर (डेटाबेसचे संच) दिसतात: जुना १५ नेहमीच्या ५४३२ पोर्टवर, आणि नवा, रिकामा १७ हा ५४३३ वर. आधी रिकामा काढायचा: ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १७ मेन’. इथे आकडा चुकला तर जुना डेटा जाईल, म्हणून एंटर मारण्याआधी पुन्हा वाचा. मग ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन’. हे डंप करून परत भरतं, त्यामुळे डेटाइतकीच आणखी जागा लागते आणि मोठ्या डेटाबेसला वेळही लागतो. नवा ५४३२ वर येतो, जुना बंद होऊन बाजूला राहतो.

वेळ वाचवायला ‘-एम अपग्रेड --लिंक’ वापरायचा मोह होतो. तसं केलंत, किंवा काही दिवस १५ वरच राहायचं ठरवलंत, तर एक गोष्ट विसरू नका. खालचं जीलिबसी (सिस्टिमची मूळ लायब्ररी) २.३६ वरून २.४१ झालं आहे, आणि अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम तिथून येतात. मजकुराच्या रकान्यांवरचे जुने इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेले. नव्या क्रमाने शोधायला गेलं तर असलेलं नाव सापडत नाही किंवा युनिक रकान्यात तेच नाव दोनदा शिरतं. पोस्टग्रेस ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ असा इशारा देतं. तो गोंगाट समजून सोडू नये. ‘रीइंडेक्स डेटाबेस’ करा आणि मगच ‘ऑल्टर डेटाबेस … रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’. उलट क्रमाने केलं तर इशारा जाईल, आजार राहील. डंप करून भरण्याच्या पद्धतीत इंडेक्स नव्याने बांधले जातात म्हणून ही भानगडच नाही. छोट्या ऑफिसने तीच वापरावी.

यानंतरची अडचण खास आपल्याकडची. सर्व्हर सुरू, डेटाबेस सुरू, पण विंडोजवरच्या जावा बिलिंग प्रोग्रामला कनेक्ट होता येत नाही. लॉगमध्ये ओळ अशी: ‘टाइमझोन’ या पॅरामीटरची ‘एशिया/कॅल्कटा’ ही किंमत चुकीची आहे. झालं असं की डेबियनने टाइमझोनची जुनी नावं ‘टीझेडडेटा-लेगसी’ या वेगळ्या पॅकेजात टाकली. आणि विंडोजवरचा जावा भारतीय वेळेला अजूनही ‘एशिया/कॅल्कटा’ म्हणतो. शहराचं नाव २००१ मध्ये बदललं, जावाला निरोप पोचलेला नाही. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर ते नाव जसंच्या तसं सर्व्हरकडे पाठवतो, आणि डेबियनचं पोस्टग्रेस सिस्टिमचाच टाइमझोन डेटा वापरत असल्याने त्याला ते सापडत नाही. सर्व्हरवर ‘एपीटी इन्स्टॉल टीझेडडेटा-लेगसी’ केलं की मिटतं. प्रोग्राम आपल्या हातातला असेल तर जावाला ‘-डीयूझर.टाइमझोन=एशिया/कोलकाता’ देणं अधिक स्वच्छ. बिलिंगवाल्या कंपनीला फोन लावून ‘तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं’ म्हणण्याआधी एवढं करून बघा.

मारियाडीबीचं त्यामानाने सोपं, एक अट सांभाळली तर. १०.११ वरून ११.८ वर जाताना जुना सर्व्हर व्यवस्थित बंद झालेला असला पाहिजे. वीज जाऊन तो अर्धवट मेला असेल तर आधी जुन्याच आवृत्तीत सुरू करून, सावरू देऊन, नीट बंद करा, मगच अपग्रेड. क्रॅश झालेला जुना डेटा नव्या आवृत्तीकडून सावरून घेणं समर्थित नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ‘मायएसक्यूएलडंप’ऐवजी आता ‘मारियाडीबी-डंप’ लिहायची सवय लावा.

बाकीचं, भराभर

पीएचपी ८.२ वरून ८.४. अपाची असेल तर ‘ए२डिसमॉड पीएचपी८.२’, ‘ए२एनमॉड पीएचपी८.४’ आणि रीस्टार्ट. एनजिनएक्स असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये सॉकेटचा पत्ता ‘पीएचपी८.२-एफपीएम.सॉक’ असा आवृत्तीसकट लिहिलेला असतो; ८.२ काढलं की ५०२ बॅड गेटवे. त्याजागी ‘/रन/पीएचपी/पीएचपी-एफपीएम.सॉक’ लिहा, पुढच्या अपग्रेडलाही उपयोगी पडेल.

पायथनचे जुने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ३.११ चे आहेत, ते चालणार नाहीत. ‘पिप फ्रीझ’ची यादी अपग्रेडच्या आधी काढा, नंतर ती काढायलाच जमत नाही.

‘लास्ट’ कमांड गायब आहे. कोण कधी लॉगिन झालं हे बघणाऱ्यांनी ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ आणि ‘लिबपॅम-डब्ल्यूटीएमपीडीबी’ ही पॅकेजं टाकावीत. जुन्या फाइलीचा साचा २०३८ सालच्या पुढची वेळ नोंदवू शकत नव्हता, म्हणून ही उलथापालथ. कारण पटतं.

एसएसएचच्या डीएसए चाव्या पूर्ण बंद. जुन्या एनएएस किंवा स्विचमध्ये शिरायला कुणी अजून त्या वापरत असेल तर आधी बदला.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनी मात्र थांबून नियोजन करावं. डोव्हकॉट २.३ ची कॉन्फिग २.४ ला चालत नाही. सुरुवातीला ‘डोव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन’ची ओळ सक्तीची झाली, ‘मेल_लोकेशन’चे ‘मेल_ड्रायव्हर’ आणि ‘मेल_पाथ’ असे तुकडे झाले, सर्टिफिकेटच्या ओळीचं नावही बदललं. ‘डोव्हकॉन्फ -एन’चा निकाल आधी फाइलीत उतरवा, दुसऱ्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये नवी कॉन्फिग जुळवा, आणि मगच खऱ्या सर्व्हरला हात लावा.

डेस्कटॉपबद्दल तक्रार फारशी नाही. जीनोम ४८ किंवा प्लाझ्मा ६.३, दोन्ही सुरळीत. मराठी टायपिंगला ‘आयबस-एम१७एन’ पुरतं. फक्त प्लाझ्मा वेलँडवर चालवत असाल तर सेटिंगमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर जाऊन ‘आयबस वेलँड’ निवडावं लागतं, नाहीतर इनस्क्रिप्ट निवडलेलं दिसतं आणि अक्षरं इंग्रजीच उमटतात. कुठलीही कमांड चालवली की पर्लचे ‘लोकेल’चे इशारे येत असतील तर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ करून ‘एमआर_आयएन’ आणि ‘ईएन_आयएन’ वर खूण करा.

अडलंच तर

मधेच तुटलं तर क्रम ठरलेला: ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग पुन्हा फुल-अपग्रेड. नव्या कर्नलवर मशीन उठत नसेल तर ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना ६.१ निवडा. तोही नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हने बूट करून मूळ पार्टिशन ‘/एमएनटी’वर चढवा, ‘/बूट’ आणि ‘/बूट/ईएफआय’ वेगळे असतील तर तेही, मग ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ बाइंड करून ‘सीएचरूट /एमएनटी’. आत ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’. इथे पुन्हा ‘डिव्हाइसवर जागा नाही’ आलं तर ते ‘/बूट’चंच रडगाणं. वर सांगितलेला ‘मॉड्यूल्स=डेप’चा उपाय याच ठिकाणाहूनही करता येतो.

सगळं चालू झाल्यावर ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ची घाई करू नका. निदान एक महिनाअखेर, म्हणजे जीएसटीची बिलं आणि पगार, नव्यावर निघू द्या. मग ऑटोरिमूव्ह, आणि उरलेल्या कॉन्फिगसाठी ‘एपीटी पर्ज’ला ‘~सी’ हा नमुना. त्यात जुनं पोस्टग्रेस १५ असेल तर डेटाची डिरेक्टरीही काढायची का असा प्रश्न निळ्या पडद्यावर येतो. तिथे होय म्हणण्याआधी १७ मध्ये चालू वर्षाची बिलं उघडून बघा.